आसन जमलं म्हणजे नक्की काय जमलं?

तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि आज सकाळची बॅच संपल्यावर परत एकदा वाचला, कारण त्यात एक नाही तीन प्रश्न आहेत आणि ते एकमेकांत अडकलेत. तुम्ही लिहिलंय की वय ४१, दिवसभर लॅपटॉपसमोर, दीड वर्ष क्लासला जाताय, सलग २४ सूर्यनमस्कार होतात, भिंतीच्या आधारानं शीर्षासन पण होतं, पण मांडी घालून डोळे मिटले की दहाव्या मिनिटाला उजव्या पायाला मुंग्या येतात आणि पाठीला पोक येतो. त्यात एका पॉडकास्टमध्ये ऐकलंत की ही सगळी आसनं जेमतेम शंभर वर्षांची, इंग्रजांच्या ड्रिलमधून आलेली. आणि मामा म्हणतात की आसनं म्हणजे नुसती कसरत, खरा योग म्हणजे ध्यान. मग मी करतोय तो योग आहे का, आणि आसनं सोडून सरळ ध्यानालाच बसू का, असा तुमचा प्रश्न.

मी साताऱ्यात २३ वर्षं शिकवतेय. माझं उत्तर आधीच सांगते म्हणजे पुढचं वाचताना टांगून राहायला नको: आसनं सोडू नका, पण ती कशासाठी करताय ते बदला. आता का ते सांगते, थोडं लांबेल.

आधी आसन हा शब्दच घ्या. आमच्या आजीच्या देवघरापुढे लोकरीचं एक आसन असायचं, पूजेला बसायच्या आधी ते झटकून अंथरायचं आणि पूजा झाली की घडी करून ठेवायचं, दुसऱ्या कुणी त्याच्यावर पाय दिलेला तिला चालायचा नाही. म्हणजे आपल्या घरात आसन म्हणजे बसायची वस्तू. गीतेच्या सहाव्या अध्यायात पण आसन येतं ते याच अर्थानं, स्वच्छ जागी, फार उंच नाही फार खाली नाही असं, कुश, मृगचर्म आणि वस्त्र अंथरलेलं, आणि त्यावर बसून धड, मान आणि डोकं एका रेषेत ठेवायचं. बस, शरीराबद्दल एवढंच. वाकणं, वळणं, पाय डोक्यामागे घेणं यातलं काही नाही.

पतंजलींच्या योगसूत्रांत १९५ सूत्रं आहेत (काही पाठांत १९६) आणि त्यातली सरळ आसनावरची फक्त तीन. पहिलं सगळ्यांना पाठ असतं, स्थिरसुखमासनम्, जे क्लासच्या भिंतीवर लावलेलं असतं. पण माझ्या मते खरी चावी दुसऱ्या सूत्रात आहे आणि ते कुणी भिंतीवर लावत नाही. ते म्हणतं की प्रयत्न सैल केल्यानं आणि अनंताशी चित्त एकरूप झाल्यानं आसन सिद्ध होतं. प्रयत्न वाढवून नाही, सैल करून. तिसरं सूत्र म्हणतं की मग थंडी-ऊन, सुख-दुःख अशी द्वंद्वं टोचत नाहीत. आणि लगेच पुढचं प्राणायामाचं सूत्र सुरू होतं ते 'तस्मिन् सति' या शब्दांनी, म्हणजे ते झालं असेल तर, आसन बसलं असेल तर. मामांना हे एवढं नक्की दाखवा, की ज्या ग्रंथाचा आधार घेऊन लोक ध्यान हाच योग म्हणतात त्याच ग्रंथात आसनाची पायरी गाळलेली नाही, ती लहान आहे पण तिच्यावर पाय दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

योगसूत्रांवरच्या जुन्या टीकेत, म्हणजे व्यासभाष्यात, काही आसनांची नावं दिलीत, पद्मासन, वीरासन, भद्रासन, स्वस्तिक, दंडासन वगैरे, डझनभर असतील. त्यात एक नाव आहे सोपाश्रय. स+उपाश्रय, म्हणजे आधारासकट बसणं. टीकाकार सांगतात की योगपट्ट वापरून, म्हणजे कंबर आणि गुडघे यांच्याभोवती कापडाचा पट्टा बांधून. हंपीला उग्र नरसिंहाची ती अवाढव्य मूर्ती पाहिली असेल तर तिच्या गुडघ्यांभोवती जो पट्टा दिसतो ना तोच. आणि त्याच यादीत शेवटी यथासुख पण आहे, जसं सुख वाटेल तसं. मी हे नवीन बॅचला पहिल्याच दिवशी सांगते कारण उशी घेतली, भिंत घेतली, खुर्ची घेतली की लोकांना वाटतं आपण कच्चे. अहो भाष्यकारानंच आधार घेऊन बसायला परवानगी दिलीय.

आता आपल्या मराठीतलं. ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय तुम्ही वाचला नसेल तर वाचाच. गीतेत जे दोन-तीन श्लोकांत संपतं त्यावर माउली कितीतरी ओव्या खर्च करतात, बसायची जागा कशी असावी, टाच कुठे लावायची, शरीर कसं तोलायचं, मूळबंध (गुदद्वाराजवळचा भाग आवळून धरणं) कसा लागतो, आणि मग कुंडलिनीचं ते वर्णन. या मार्गाला ते पंथराज म्हणतात. ते नाथपरंपरेतले, गोरक्षनाथ-गहिनीनाथ-निवृत्तिनाथ अशी परंपरा, त्यामुळे गीतेवर बोलता बोलता हठयोग, म्हणजे शरीर आणि श्वास यांच्यापासून सुरू होणारा योग, आपोआप आत येतो. आणि एक गंमत बघा, त्या बसण्याला ते मूळबंध म्हणतात आणि वज्रासन हे त्याचं गौण नाव म्हणून सांगतात. आपण आज जेवल्यावर गुडघे दुमडून टाचांवर बसतो ते वज्रासन वेगळं. हठप्रदीपिका या हठयोगाच्या ग्रंथात पण सिद्धासनाला काही जण वज्रासन म्हणतात असं आहे. म्हणजे नावं फिरत राहिलीत, आणि नाव जुनं आहे म्हणून आकृती जुनी, किंवा आकृती नवी म्हणून सगळंच खोटं, असं दोन्हीकडून म्हणता येत नाही.

हठयोगात आसनाची जागा मोठी झाली हे खरं. स्वात्मारामांची हठप्रदीपिका साधारण पंधराव्या शतकातली, त्यात आसन हे हठाचं पहिलं अंग म्हणून आधी सांगतो असं म्हणून आसनाचे फायदे सांगितलेत, स्थैर्य, आरोग्य आणि अंगाला हलकेपणा. त्यात १५ आसनं आहेत, आणि मत्स्येंद्रासन, धनुरासन, मयूरासन, कुक्कुटासन अशी बसून ध्यान करायची नसलेली आसनं पण आहेत, शवासन पण आहे. पुढे घेरंडसंहिता या नंतरच्या ग्रंथात ३२. मग हळूहळू संख्या वाढतच गेली. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात हठाभ्यासपद्धती नावाची एक पोथी आहे, अठराव्या शतकातली मानतात, तिच्यात ११२ आसनं आहेत, उताणी, पालथी, उभ्यानं, आणि चक्क दोरीवरची. म्हणजे पॉडकास्टवाल्यांना सांगायला हरकत नाही की बैठकीपलीकडची कष्टाची आसनं इंग्रजांनी आणली नाहीत.

पण त्यांचं सगळंच चूक नाही, आणि इथे मी आमच्या क्षेत्रातल्या लोकांशी भांडत असते. २०१० साली मार्क सिंगलटन या अभ्यासकाचं पुस्तक आलं त्यात मुद्दा असा होता की आज जगभर जो आसनप्रधान योग चालतो त्याच्यावर विसाव्या शतकातल्या व्यायामचळवळीचा, युरोपातल्या जिम्नॅस्टिकचा मोठा ठसा आहे. पॉडकास्टमधलं बहुतेक त्याचंच ऐकीव रूप असणार. आपल्याकडे लोक चिडले. पण पुण्यातल्या त्या पोथीवर जेसन बर्च यांच्याबरोबर २०१९ मध्ये लिहिणारे पण हेच सिंगलटन आहेत. दोन्ही एकत्र वाचलं की चित्र नीट दिसतं. त्रिकोणासन, वीरभद्रासन हे ना प्रदीपिकेत आहेत ना घेरंडात. आणि सूर्यनमस्कार तर माझ्या घरातलीच गोष्ट.

माझे आजोबा औंध संस्थानात शाळेत होते. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी तिथे नमस्कार शाळेतच सुरू केलेले, स्वतः ते रोज घालायचे आणि १९२० च्या दशकापासून त्यांनी त्याचा ध्यासच घेतला, त्यावर पुस्तक पण लिहिलं. आजोबा नव्वदीला टेकेपर्यंत सकाळी "नमस्कार घालून येतो" म्हणायचे, मंत्र म्हणत घालायचे, ॐ ह्रां मित्राय नमः, पण त्यांनी त्याला कधी योग म्हटलं नाही. नमस्कार हा व्यायाम, जोर-बैठकांच्या शेजारचा, आणि देवाचं नाव घेऊन केलेला. योग म्हणजे त्यांच्या डोक्यात कुणी साधू. मी योगशिक्षक झाले तेव्हा त्यांनी मला गंभीरपणे विचारलं होतं की तुला समाधी शिकवायला कोण येतं.

हे सगळं एकत्र कसं आलं तर त्या काळची गरज तशी होती. देश पारतंत्र्यात, पोरं किरकोळ, तालमी आणि आखाडे ही राष्ट्रकार्याची जागा. लोणावळ्याचे स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, हे बडोद्याला माणिकरावांच्या आखाड्यात व्यायाम शिकले आणि नर्मदाकाठी मालसरला परमहंस माधवदासजींकडे योग. १९२४ ला त्यांनी कैवल्यधाम काढलं आणि त्याच वर्षी योगमीमांसा हे त्रैमासिक, आणि उड्डियान, नौली (पोट आत ओढायच्या आणि घुसळायच्या क्रिया) करताना पोटात दाब किती बदलतो ते यंत्र लावून मोजलं, एक्स-रे काढले. त्यांच्या आधी १९१८ ला मुंबईत श्रीयोगेंद्रांनी योग इन्स्टिट्यूट सुरू केलेली, घरसंसार करणाऱ्या माणसांसाठी. तिकडे म्हैसूरच्या राजवाड्यात १९३० च्या दशकात टी. कृष्णम्माचार्य तरुण मुलांना शिकवत होते, अंगात रग असलेल्या मुलांना शिकवायचं म्हणजे उड्या, एकामागून एक आसनांची साखळी, वेग हे आलंच. त्यांचेच शिष्य बी. के. एस. अय्यंगार १९३७ ला पुण्यात शिकवायला आले, लहानपणी आजारानं पोखरलेलं शरीर घेऊन, आणि त्यांनी उलट टोकाला जाऊन एकेका आसनात थांबणं, अंगाची नेमकी ठेवण आणि पट्टा-दोर-लोड-वीट हे आणलं. मला तर त्या पट्ट्यात सोपाश्रयच दिसतं. तर ज्यानं त्यानं आपल्यापुढे जे शरीर उभं होतं त्याला पाहून आसनं ठरवली. याला फसवणूक म्हणणं अन्याय आहे, आणि हे जसंच्या तसं पाच हजार वर्षांचं म्हणणं पण बरोबर नाही.

इतका इतिहास सांगितला कारण त्यातून तुमच्या पायाच्या मुंग्यांचं उत्तर निघतं. जुन्या परंपरेत प्रश्न होता बसायचं कसं, आणि बसणारा माणूस आधीच जमिनीवर वाढलेला, जमिनीवर जेवणारा, उकिडवा बसणारा. त्याला पद्मासन अवघड नव्हतं. आपण खुर्चीवर वाढलो. तुमचा खुबा वीस वर्षं नव्वद अंशात दुमडलेला आहे. त्या खुब्याला आधी मोकळं केल्याशिवाय तुम्हाला 'आसनं सोडा, ध्यान करा' सांगणं म्हणजे पोहायला न शिकवता विहिरीत ढकलणं. आजच्या माणसाला आसनांची गरज पतंजलींच्या काळच्या माणसापेक्षा जास्त आहे असं माझं स्पष्ट मत आहे. फक्त ती बसण्याकडे नेणारी हवीत, आणि तुमची दीड वर्षांची आसनं, तुम्ही लिहिलंय त्यावरून, मोजण्याकडे गेलीत. २४ नमस्कार, शीर्षासन किती मिनिटं. चुकीचं काही नाही, उत्तम व्यायाम आहे, दम वाढला असेल, झोप सुधारली असेल. पण नमस्कारात खुबा बाहेर फिरतच नाही, आणि मांडीला तर तेच लागतं.

हे मी माझ्या गुडघ्यावर शिकले. सत्ताविसाव्या वर्षी एका प्रशिक्षण वर्गात पद्मासन पूर्ण लागत नव्हतं, तिथल्या शिक्षकांनी मागून येऊन गुडघ्यावर हात ठेवून दाबलं. कट्ट असा आवाज आला. चार महिने जिना एकेक पायरी करून चढले. गुडघा हा बिजागरीसारखा, पुढे-मागे चालणारा, त्याला पीळ फारसा चालत नाही. पीळ खुब्यातून यायला हवा, तिथे उखळीचा सांधा आहे. खुबा फिरत नसला आणि तरी पाय वर ओढला की सगळा पीळ गुडघ्यात जातो. म्हणून माझ्या वर्गात कुणाच्या गुडघ्यावर कुणाचाही हात पडत नाही, माझा पण नाही.

मग आसन जमलं हे ओळखायचं कसं? मी लोकांच्या पायाची बोटं बघते. पश्चिमोत्तानासनात कपाळ गुडघ्याला टेकलेलं असतं, फोटो काढावा असं, आणि पायाची बोटं आवळलेली, जबडा दाबलेला, श्वास कंठात अडकलेला. हे जमलेलं नाही. शेजारी एखाद्या काकूंचे हात पोटरीपर्यंतच पोचलेत, पण चौथ्या-पाचव्या श्वासाला खांदे आपोआप एक बोटभर खाली येतात, चेहऱ्यावरची रेघ जाते, त्या जणू विसरतात की आपण काही करतोय. ते क्षणभर प्रयत्नशैथिल्य, दुसऱ्या सूत्रातलं प्रयत्न सैल होणं. तेवढ्या वेळापुरतं ते योगासन आहे, बाकी वेळ ती तयारी. माझ्याकडे एक निवृत्त एसटी कंडक्टर येतात, तीस वर्षं उभ्यानं तिकिटं फाडलेली, दोन्ही गुडघे जाडजूड, जमिनीवर बसणं शक्यच नाही. ते लाकडी स्टुलावर बसतात, पायाखाली घडी केलेली सोलापुरी चादर, कारण तळवे नीट टेकत नव्हते. आठ महिने मोजून पाच-सहा सोप्या हालचाली केल्या आणि आता वीस मिनिटं असे बसतात की बाहेर रिक्षावाल्यांची भांडणं लागली तरी पापणी हलत नाही. आणि त्याच बॅचला एक कॉलेजची मुलगी आहे, पहिल्या दिवशी सहज पद्मासन, चक्रासन, सगळं, पण शवासनात तिचं बोट सतत मोबाइल सरकवल्यासारखं हलत असतं. तिला मी सध्या शवासनच जास्त देते.

तुम्ही काय करा. आता हे तुम्हाला न बघता सांगतेय म्हणून थोडं जपून. पाठीत डिस्कचा त्रास असेल तर पुढे वाकायची आसनं सध्या नकोत. बीपी, मानेचा त्रास किंवा काचबिंदू असेल तर शीर्षासन बंद, आणि दिवसभर लॅपटॉपवर मान घालून बसणाऱ्याला मी तसंही ते एवढ्यात दिलं नसतं. यातलं काही नसेल तर नमस्कार २४ वरून ६ वर आणा, सावकाश, एकेका स्थितीत दोन श्वास. वाचलेला वेळ खुब्याला द्या: बद्धकोनासन (तळवे एकमेकांना लावून गुडघे बाजूला सोडायचे) भिंतीला पाठ लावून, आणि पाठीवर झोपून एका पायाचा घोटा दुसऱ्या मांडीवर ठेवून ती मांडी छातीकडे ओढायची, प्रत्येक बाजूला दोन-दोन मिनिटं. पोक येतोय त्यासाठी भुजंगासन आणि शलभासन ही पालथं झोपून करायची आसनं, पाठीच्या स्नायूंना काम मिळालं की ते बसताना साथ देतात. मग पाच मिनिटं शवासन, आणि त्याच्यानंतर लगेच बसायचं. व्यायाम सकाळी आणि ध्यान रात्री असं तोडू नका निदान सुरुवातीला, कारण शरीर तयार झालंय त्याच वेळी बसलं की आसनाचा उपयोग कशासाठी ते तुम्हाला स्वतःलाच कळेल, कुणाच्या पॉडकास्टची किंवा माझ्या उत्तराची गरज राहणार नाही.

बसताना पद्मासनाचा नाद सोडा, साधी मांडी किंवा स्वस्तिकासन. ढुंगणाखाली चादरीची घडी एवढी जाड घ्या की गुडघे खुब्यापेक्षा खाली येतील, तुमच्या वर्णनावरून चार-पाच इंच तरी लागेल, लाजू नका. घडीच्या पुढच्या कडेवर बसायचं, मध्यावर नाही, म्हणजे कंबर आपोआप पुढे कलते आणि पाठीचा पोक निघतो. पहिला महिना दहा मिनिटं, घड्याळ लावून, आणि पाच मिनिटांनी पाय बदलला तर काही बिघडत नाही. सावकाश अनुलोम-विलोम करा, तो करता करता पाठ कधी ढासळते ते लगेच कळतं. इतकंही त्रासाचं वाटलं तर खुर्चीच्या कडेवर, पाठ टेकवायची नाही.

आणि मुंग्यांचं सांगायचं राहिलं. पाय सरळ केल्यावर एक-दोन मिनिटांत जात असतील तर तो बसण्याचा दाब आहे, घडी वाढवली की फरक पडेल. पण बधिरपणा त्यानंतर पण टिकत असेल, किंवा कंबरेतून मागून पोटरीपर्यंत कळ उतरत असेल, पाऊल उचलताना जोर कमी वाटत असेल तर आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, तोवर मांडी घालू नका. यातलं कुठलं आहे ते कळवा, उजव्याच पायाला येतात असं लिहिलंय म्हणून विचारतेय. आणि बसता तेव्हा उजवा पाय खाली असतो की वर, ते पण बघून सांगा.